केळी वाटायच्या आधी जरा विचारा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात 2 ऑक्टोबरला आतल्या पानावर जो फोटो आला, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त वृद्धाश्रमात फळवाटप, त्याच्याबद्दल लिहायलोय. फोटोत 11 माणसं उभी आहेत, मी मोजली, मोजायची सवयच आहे मला, आणि मधे खुर्चीत एक आजी, तिच्या मांडीवर केळी-सफरचंदाची पिशवी, अन् ती ना कॅमेऱ्याकडं बघायली ना पिशवीकडं, बाजूला कुठंतरी बघायली. खाली 11 पैकी 9 जणांची नावं आलीत. आजीचं नाव नाही, ते एक बरंच झालं, पण चेहरा तर आला ना साहेब एवढा मोठा. ती कुठं बघत होती ते मला माहितीय कारण मी तिथंच दाराजवळ उभा होतो. ती तिथं सांभाळ करणाऱ्या मावशीकडं बघत होती. तिला संडासला जायचं होतं आणि फोटो होईपर्यंत कुणी उठू देईना.

माझी ओळख एवढीच की मी एसटीत कंडक्टर होतो, लातूर डेपो, औसा निलंगा उमरगा तुळजापूर ह्या रोडवर जिंदगी गेली, 2022 ला रिटायर झालो. घरात बसून बायकोच्या कामात लुडबूड करत होतो म्हणून तिनंच एक दिवस हाकलल्यासारखं केलं, जा म्हणली कुणाच्या तरी उपयोगाला. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात जातो. नाव लिहीत नाही, त्यांना त्रास नको. मी काही लई मोठं काम करतो असं नाही, उलट पहिल्या महिन्यात मी जो गोंधळ घातला तोच आधी सांगतो, म्हणजे बाकीचं लिहायचा मला हक्क राहील.

एक आजी आहेत, दोन-तीन वर्षांमागं उजव्या अंगावरून लकवा गेलेला, बोलणं जरा तोतरं पण समजतं सगळं. दुपारी ताटात शिरा आला होता, कुणाच्या तरी वाढदिवसाचा. मावशी पलीकडं चादरी बदलत होत्या, मला वाटलं आपण रिकामेच बसलोय तर दोन घास भरवावेत. आजी उशीला टेकून अर्धवट आडव्या, मी बाजूला बसून चमच्यावर चमचा द्यायलो आणि वरून बसमधला एक किस्सा सांगायलो, एक माणूस कोंबडीचं हाफ तिकीट मागत होता तो, आणि आजी हसल्या. हसल्या आणि ठसका लागला. साधा नाही, आवाजच बंद झाला, डोळे मोठे, तोंड निळसर व्हायला लागलं. मी काय करावं, मी पाण्याचा ग्लास उचलला. मावशी पलीकडून पळत आल्या, पहिलं काम काय केलं तर माझ्या हातातला ग्लास काढून घेतला, आजीला उठवून पुढं वाकवलं आणि पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधे तळहातानं जोरात चार-पाच फटके दिले, तेव्हा तो घास बाहेर आला. मी भिंतीला टेकून उभा, पाय लटपटत होते. मावशी ओरडल्या नाहीत, तोंड पुसत पुसत एवढंच म्हणल्या, दादा, निजलेल्या लेकराला तरी भरवतेत का असं कुणी?

नंतर कळलं की लकवा मारलेल्या माणसाची गिळायची ताकद पण कमी होऊ शकते, अन्न घशातून अन्ननलिकेत जायच्या ऐवजी श्वासनलिकेत जातं, कधी कधी ठसका सुद्धा लागत नाही, गुपचूप फुप्फुसात जातं आणि पुढं न्यूमोनिया होऊ शकतो. त्या आजींचा ताप पुढं आठवडाभर रोज बघत होते माझ्यामुळं. घास अडकलेला असताना पाणी पाजलं तर ते पण चुकीच्या वाटेनं जाऊ शकतं, आणि मी तेच करणार होतो, आणि साहेब तुम्ही आजूबाजूला विचारून बघा, दहातले नऊ जण तेच करतील.

मग मावशींनीच मला शिकवलं. आधी विचारायचं हिला भरवायचं का आणि काय भरवायचं, काहींना पातळ चालत नाही, घट्ट पेज, खिमट असलंच चालतं, पाणी सुद्धा घट्ट करून देतात. माणूस ताठ बसलेला पाहिजे, मान मागं नको, हनुवटी जराशी खाली. भरवणाऱ्यानं समोर बसायचं, उभं राहून वरून घास द्यायचा नाही, कारण मग ते वर बघतात आणि मान मागं जाते. लहान चमचा, अर्धाच भरायचा, गिळलं का बघायचं, तोंडात गालाशी काही राहिलं का बघायचं, मग दुसरा. तोवर गप्पा नाहीत, किस्से तर नाहीतच. घोगरा, पाण्यातून बोलल्यासारखा आवाज यायला लागला की थांबायचं आणि सांगायचं. जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. हे सगळं सांगणारी बाई सातवी शिकलेली आहे आणि बारा-बारा तास ड्युटी करते, आणि तुमच्या त्या फोटोत ती कुठंच नाही, तिला बाजूला व्हा म्हणून सांगितलेलं मी कानानं ऐकलंय.

आता फळांचं. केळं म्हणजे आपल्याला वाटतं गरीब फळ, कुणालाही चालतं. ज्यांच्या किडन्या अधू झाल्यात त्यांना केळं, नारळपाणी हे जपून द्यावं लागतं, त्यात पोटॅशियम लई असतं, ते रक्तात साठलं तर हृदयाच्या ठोक्यावर येतं. शुगरवाल्यांना पेढ्याचा बॉक्स देऊन जातेत, अन् म्हातारं माणूस म्हणजे लेकरासारखं, उशीखाली लपवून ठेवतं आणि रात्री खातं. एका बाबांच्या गादीखाली आम्हाला सहा पेढे आणि एक बुरशी आलेला लाडू सापडला होता, वर मुंग्या. त्यांना इन्सुलिन चालू आहे. म्हणून म्हणतो काही न्यायचं तर आधी अधीक्षकांना फोन करा, ते सांगतील काय लागतं ते. बहुतेक वेळा डायपर, फिनाईल, साबण, डाळ, तेल आणि लाईटबिल असंच सांगतात. डायपरचा फोटो चांगला येत नाही ही एक अडचण आहे.

पितृपक्षात तर लाईन लागते. एकेका दिवशी तीन तीन जेवणं येतात, खीर, वडे, आळूची भाजी, आणि पुढं महिना दीड महिना कुणी फिरकत नाही. आमच्यात एक परळीकडच्या म्हाताऱ्या आहेत, जिभेला धार, त्यांनी ह्या वर्षी खीर वाढणाऱ्या साहेबांना तोंडावर विचारलं, माझ्या बापा, आमी जित्ती हाव का कावळं हाव? सगळा हॉल हसला, साहेब नाही हसले. मी असं म्हणत नाही की पितृपक्षात अन्न देऊ नका, पण त्या घासाला काय अर्थ लागतो ते बसलेल्याला कळतं एवढं ध्यानात ठेवा, आणि एक तारीख सोडून दुसरी रिकामी कोणती आहे ते विचारा.

फोटोचं अजून एक सांगायचंय आणि हे मला लई लागलेलं आहे. किल्लारीकडच्या एक आजी आहेत, 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात जी 52 गावं गेली त्यातलंच त्यांचं एक गाव. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून लोक दमून झोपलेले, आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी ते झालं. मी तेव्हा नोकरीत नवीन, औशाच्याच बाजूला गाडी होती, मला पण कुणी त्या दिवसाचं विचारलं तर मी विषय बदलतो. तर मागच्या वर्षी बरोबर 30 सप्टेंबरला कॉलेजची चार पोरं आली, चांगल्या घरची, नम्र, पाया बिया पडली, आणि मोबाईल लावून म्हणली आजी तुमचं भूकंपात काय काय गेलं ते सांगा ना. दारी आलेल्याला नाही म्हणायची सवय नाही ओ आपल्या बायांना. आजींनी सांगितलं. नावं घेऊन सांगितलं, एकेक. पोरांचे पण डोळे भरले, खोटं नाही बोलत, मनापासून भरले, मग ती पोरं गाडीला किक मारून गेली. रात्री आजी छताखाली झोपेचनात. गोधडी ओढत अंगणात आल्या, मावशी आत न्यायला लागली तर दगड पडंल म्हणायल्या, पत्र्याचं शेड आहे ते, दगड कुठला, पण कोण समजावणार, मावशी रात्रभर त्यांच्याजवळ अंगणात बसून राहिली. व्हिडिओ लई जणांनी बघितला म्हणे.

त्या पोरांना मी शिव्या देणार नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं असेल तर माणूस आपण होऊन सांगतो. मी दीड वर्ष त्या आजींशेजारी बसून फक्त शेंगा निवडल्या आणि एक दिवस त्यांनी त्यांच्या बैलाचं नाव सांगितलं, मी विचारलं नव्हतं. आणि पोरं बघत नाहीत का, सुना कशा आहेत, इथं कोण सोडून गेलं, हे तर अजिबात विचारू नका. काहींची पोरं ऊसतोडीला कारखान्यावर जातात दिवाळीच्या आसपास ते थेट उन्हाळ्यापर्यंत, गावात मागं म्हाताऱ्याला भाकरी घालायला कुणी नसतं म्हणून ठेवलेलं असतं, सीझन संपला की येऊन घेऊन जातात. काहींना पोरंच नाहीत. काही स्वतःहून आलेत. आपल्याला काय माहीत असतंय.

हाक कशी मारायची हे पण विचारून घ्या. एक रिटायर हेडमास्तर आहेत, त्यांना कुणी बाबा म्हणलं, त्यातून कुणी पोरानं लाडात येऊन काय रे म्हाताऱ्या म्हणलं, की ते तोंड फिरवून घेतात. गुरुजी म्हणा, बघा कसे बोलतात, तुमचं शुद्धलेखन सुद्धा तपासतील, हे पत्र मी त्यांना दाखवलेलं नाही. एक चाचा आहेत, भजनी मंडळाचा स्पीकर लागला की ते बिचारे उठून बाहेर झाडाखाली जाऊन बसतात, दोन तास, मे महिन्यात. मंडळाला सांगितलं तर ते म्हणले आम्हाला माहीतच नव्हतं, लगेच स्पीकर बंद केला आणि नुसत्या टाळांवर म्हणले, तर चाचा आत येऊन बसले आणि मान डोलवत होते.

धरायचं-उचलायचं मात्र मी शिकवू शकतो, कारण ते मी बसच्या पायरीवर शिकलो. म्हातारं माणूस चढायला लागलं की नवीन कंडक्टर त्याचा दंड धरून वर ओढतो. ओढायचं नसतं. आपला हात कोपरात वाकवून पुढं करायचा आणि थांबायचं, ते धरतील, त्यांच्या ताकदीनं चढतील. धरलेला माणूस घाबरतो, स्वतः धरलेला माणूस घाबरत नाही. तिथंही तसंच. काखेत हात घालून उचलू नका, खांदा निखळतो, कातडी कागदासारखी पातळ झालेली असते, नुसत्या बोटांनी काळेनिळे डाग पडतात. झोपलेलं माणूस एकदम उभं करू नका, बीपी खाली येऊन चक्कर येते, कॉटच्या कडेला पाय सोडून एक-दोन मिनिटं बसू द्या. व्हीलचेअरला दोन्ही बाजूचे ब्रेक लावल्याशिवाय कुणाला बसवू नका, उठताना पाय ठेवायचे पायटे वर करा, नाहीतर त्याच्यावरच उभं राहतात आणि खुर्ची उलटते. कुणी पडलं तर झटकन उचलू नका, आधी मावशींना हाक, खुब्याचं हाड मोडलेलं असेल तर आपल्या उचलण्यानं अजून वाईट होतं. त्या वयात खुबा मोडला की लई जण परत चालत नाहीत.

आणि सर्दी-ताप असेल तर जाऊच नका, पोरांना तर नेऊच नका. आपला साधा खोकला तिथं दहा जणांना झोपवतो, कोरोनात सगळ्यांनी बघितलंय. गेल्यावर साबणानं हात धुवा. इथं आमच्या लातूरकराला पाण्याचं सांगायला नको, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं गाव आहे हे, तर नळ सोडून गप्पा मारू नका, हातावर साबण घासताना नळ बंद ठेवा. पाण्याची बोंब असेल तर सॅनिटायझर खिशात ठेवा, फक्त हात मळलेले असतील तर त्यानं भागत नाही.

खोलीत जाताना दार वाजवा. दार नसलं तर पडदा हलवा, खोकला, काहीतरी करा, ती त्यांची खोली आहे. एकट्यानं दार लावून बसू नका, ह्यात तुमची पण काळजी आहे, उद्या काही झालं तर दोघांवर बालंट येतं. आंघोळ, कपडे, डायपर हे काम मावशींचं, हौसेनं त्यात पडू नका. आश्रमानं आधार कार्ड मागितलं, रजिस्टरमधे सही करा म्हणलं तर राग मानू नका. मला पहिल्या दिवशी मागितलं तर जरा राग आला होता, चोर आहे का मी म्हणलं. मग मनात आलं की तीस वर्षं मी काय करत होतो, तिकीट दाखवा म्हणतच फिरत होतो की.

पैशाचं तर लांबूनच. आजी बांगडी द्यायला लागतात, बाबा एटीएमचा नंबर सांगून पैसे काढून आण म्हणतात, कुणी कागद पुढं करतं साक्षीदार म्हणून सही कर. नाही म्हणायचं आणि ऑफिसात सांगायचं. खरंच पोरांनी वाऱ्यावर सोडलं असेल तर आई-वडील आणि ज्येष्ठांच्या पालनपोषणाचा 2007 चा कायदा आहे, प्रांतसाहेबांच्या अध्यक्षतेखालच्या न्यायाधिकरणाकडं अर्ज करता येतो, महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह भत्ता मंजूर होऊ शकतो, आणि 14567 हा ज्येष्ठांसाठीचा टोल फ्री नंबर आहे, सकाळी 8 ते रात्री 8. मारहाणीच्या खुणा दिसल्या, कुणी उपाशी ठेवतंय असं वाटलं तरी तिथंच सांगा, व्हिडिओ करून ग्रुपवर टाकू नका.

विसरभोळेपणाचा आजार असलेल्यांशी कसं बोलायचं हे मला अजून नीट जमत नाही, पण एक जमलं. एक आजी रोज दिवस कलायला लागला की उठून गेटकडं जातात, जनावरं आली का म्हणून विचारतात. मी आधी सांगायचो आजी इथं जनावरं नाहीत, हा आश्रम आहे, की त्या रडायच्या, आणि दहा मिनिटांनी परत तेच, परत रडायच्या, म्हणजे मी दर वेळी त्यांची जनावरं नव्यानं हिसकून घेत होतो. आता मी विचारतो कोणती जनावरं ओ आजी, मग त्या सांगतात, एक गाय कपिली, एक म्हैस मारकी, ती कुणाला दूध काढू देत नव्हती, आजी सोडून. बोलत बोलत आम्ही गेटपासून परत येतो. ओळखलं का मला, असं मी आता कुणाला विचारत नाही. दर वेळी मीच सांगतो, मी एसटीवाला.

परत येतो हो, असं येत नसाल तर म्हणू नका. फोटोवाल्यांनी जाताना म्हणलेलं असतंय, नेहमीसारखं तोंडातून निघून जातं. पण तिथं काही जण ते ऐकून दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून बाकड्यावर येऊन बसतात. महिन्यातून एकदाच जमत असेल तर एकदाच या, पण ठरलेल्या दिवशी या, नाही जमलं तर फोन करा.

तर साहेब, आपल्याकडं दोन मागण्या आहेत. एक, असले फोटो आले तर ज्याला विचारलेलं नाही त्याचा चेहरा छापू नका, द्यायचाच असेल तर सामानाचा फोटो द्या. दुसरी, आपला एक वार्ताहर एखाद्या मंगळवारी पाठवा, दिन नसलेल्या दिवशी. 1 ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिवस संयुक्त राष्ट्रांनी 1990 ला ठरवला म्हणे, तो काही कॅलेंडरवरून पुसला जाणार नाही, त्या दिवशी गर्दी राहणारच. कॅमेरा राहू द्या घरी. आल्यावर खुर्ची ओढून कुणाच्या तरी शेजारी बसायचं, शेंगा असतील तर निवडायच्या. मी रिटायर झालो त्याच साली 75 च्या वरच्यांना एसटी फुकट झाली, त्यामुळं तिथं मला दर वेळी तुळजापूरच्या गाडीचा टाइम विचारतात, जाणं काही होत नाही कुणाचं, पण टाइम पाहिजे असतो. त्यांनी तो विचारला तर डेपोत फोन करून बरोबर सांगा, अंदाजे सांगितलेलं त्यांना चालत नाही.

चहा साडेचारला असतो.

आपला,
एक रिटायर कंडक्टर, लातूर